खोट तुमच्याकडं हाय

वायर दातांनी सोलायची, उघडी पडलेली दोन टोकं जिभेवर टेकवायची आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "आंबट हाय" म्हणजे लाइन जिवंत. "फिकी हाय" म्हणजे मेली. मानवतला आमच्या भागाचा लाइनमन टेलिफोन असा तपासायचा. तपासायचं यंत्र सरकारनं दिलेलं होतं. ते सायकलच्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली झोपलेलं असायचं. मालकासारखंच.

असा एखादा सरकारी नोकर तुम्हीही पाहिला असेल. घाई नाही, लाज नाही, पगार वेळेवर. मी मोंढ्यात अकरा वर्षं पोती उचलली आणि मग बसस्टँडसमोर एसटीडी बूथ टाकला. कुणाच्या बापाचा रुपया त्यात नव्हता. फोन बंद पडला की मला पाठीवर पोतं दिसायचं. त्याला काय दिसत होतं? चहाची टपरी.

बूथ चालायचा तो शनिवार-रविवारी. पुण्याला कामाला गेलेली पोरं ठरल्या वेळेला फोन करायची आणि खेड्यांतून आलेल्या त्यांच्या आया माझ्या बाकड्यावर ओळीनं बसून असायच्या. आणि माझा फोन मरायचा तोसुद्धा नेमका शनिवारी. सोमवारी कण्हायला लागायचा, मंगळवारी ठणठणीत. त्यात समोरच्या बाजूला दुसरा बूथ उघडला. बाकड्यावरच्या आया उठून रस्ता ओलांडायला लागल्या.

लाइनमनला आणायचं म्हणजे घासाघीस. तो म्हणायचा, "येतो की चार वाजता."

"दोन."

"साडेतीन."

"अडीच. शेवटचं."

"बरं, तीन." आणि उगवायचा साडेपाचला. बैलबाजारात माणूस ठरल्या शब्दाला जागतो हो, हा सरकारी शिक्क्याचा माणूस जागत नव्हता.

आल्यावर आधी समोरच्या खांबावर. तिथं जीभ. मग माझ्या स्टुलावर चढून दारावरच्या डबीपाशी. बाहेरची तार तिथं दोन स्क्रूंवर येऊन दुकानात शिरत होती. डबीचं झाकण केव्हाच फुटलेलं. "झाकण बसवा, शेठ." मी म्हणायचो, झाकण सरकारनं द्यायचं. मग तो त्या डबीकडे थोडा वेळ बघायचा, खाली उतरायचा आणि चार गिऱ्हाइकांसमोर सांगायचा, "खांबापत्तूर आंबट हाय. खोट तुमच्याकडं हाय, शेठ."

खोट! ज्यानं आयुष्यात मापात मारलं नाही त्याला भर बाजारात म्हणायचं, खोट तुमच्याकडं आहे. मी म्हणालो, "खोट तुझ्या कामात हाय. जीभ लावून पगार घेतोस."

"जिभेला खोटं बोलता येत न्हाई," तो म्हणाला.

"तुझीच तेवढी लय खरं बोलणारी लागून गेली!"

एकदा मात्र मजा झाली. तो खांबावर जीभ लावून बसला असताना बाहेरून कुणाचा तरी फोन आला. घंटीचा करंट साध्या लाइनपेक्षा किती जबर असतो ते त्या दिवशी सगळ्या बसस्टँडला कळलं. तो किंचाळला, एका हातानं खांबाला लटकला आणि खाली येऊन बधिर जिभेनं म्हणाला, "तुमचा पावना लय तिखट हाय, शेठ." त्या दिवशी मी त्याला चहा पाजला. खरंच सांगतो, इतका आनंद झाला होता.

खोट माझ्याकडे म्हणतो तर बघू या, म्हणून मी सगळं बदललं. फोनचा डबा बदलला. मीटरचं मशीन परभणीला दाखवून आणलं. दुकानातली तार उपटून नवी ओढली. शनिवार आला, फोन मेला. आता माझी खात्री पटली. समोरच्या बूथवाल्यानं ह्याला बांधून घेतला आहे, हाच खांबावर चढून काहीतरी करतो. मी परभणीच्या ऑफिसात जाऊन अर्ज दिला. नुसता देऊन आलो नाही, साहेबांच्या टेबलावर हात आपटून आलो. तीन आठवड्यांत त्याची बदली पिंगळीला झाली. जाताना सायकलवरून माझ्या दुकानासमोर थांबला. मी पेपर तोंडासमोर धरला.

नवा लाइनमन पहिल्यांदा आला तो शनिवारीच. खांबाकडे गेलासुद्धा नाही. स्टूल मागितलं, चढला आणि दारावर मी सकाळीच टांगलेलं लिंबू, मिरच्या आणि बिब्बा काढून बाजूला ठेवलं. फडक्यानं दोन्ही स्क्रू पुसले. आत फोनमध्ये घुंघुं सुरू झालं.

मी दर शनिवारी दृष्ट लागू नये म्हणून ताजं लिंबू टांगत होतो, डबीच्या वरच्याच खिळ्याला. टोचलेल्या लिंबाचा रस दोन्ही स्क्रूंवर पाझरायचा. मंगळवारपर्यंत लिंबू सुकायचं.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"जुन्या लाइनमननं सांगितलं की. म्हणला, तिथं गेलास की आदी लिंबू काढ. तू काढलंस तर चालंल."

तू काढलंस तर चालंल. हे वाक्य मला दोन दिवस पचलं नाही. जुना लाइनमन भीमनगरात राहणारा. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. बाजारात दोन माणसं जरा मोठ्यानं बोलली तरी शटरं खाली यायची. हे काय मला माहीत नव्हतं? पण म्हणून माझ्या धंद्याचं वाटोळं होताना बघत राहायचं? तिसऱ्या दिवशी त्याला फैलावर घ्यायला मी पिंगळीला गेलो.

स्टेशनच्या बाहेर एका खांबाला शिडी लावत होता. मला बघून म्हणाला, "या शेठ. फोन चालू हाय ना?"

"तुला ठाऊक होतं?"

"पयल्या म्हैन्यातच."

"मग बोलला का न्हाईस?"

"दर बारीला बोललो की. खोट तुमच्याकडं हाय."

"लिंबू म्हणायचं होतं, लिंबू! तोंडाला काय झालं होतं?"

त्यानं शिडी हलवून पाहिली. म्हणाला, "मी म्हणलो असतो, शेठ, देवाधर्माचं ते लिंबू काढा. भर बाजारात. तुमी काय म्हणला असता? खरं सांगा."

सौद्यात समोरच्याचा आकडा ऐकायच्या आधी माझा तयार असतो. हेही उत्तर तयारच होतं. मी काय म्हणालो असतो ते मला शब्दन् शब्द ठाऊक होतं. आणि माझ्या मागे बसस्टँडवरचे आणखी किती जण काय म्हणाले असते, तेही.

मी म्हणालो, "अर्ज मागं घेतो. तू परत ये."

"नगं. पोरगी हितल्या शाळंत घातलीय. पुना पुना कुठं नाव काढायचं?"

"मग काय पायजे तुला?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "ही जमीन भुसभुशीत हाय. शिडी धरा जरा, घसरायलीय."

आणि उत्तराची वाट न पाहता चढला. मी धरली. दुसरं काय करणार? येणारे-जाणारे बघत होते, टपरीवरचे दोघे हसत होते. उन्हात माझं डोकं तापलं होतं, आणि हा वर निवांत एकेक तार चाचपत बसलेला. मी दोनदा ओरडलो, "आटप की!" वरून आवाज आला, "होतंय, शेठ."

पूर्ण्याकडून माझी परतीची गाडी आली, थांबली, शिट्टी दिली. मी वर पाहिलं. त्याचे दोन्ही हात तारेत होते आणि दोन्ही पाय माझ्या भरवशावर. गाडी सुटली. डबे एकामागून एक माझ्यासमोरून गेले, आणि मी त्याला तोंडातल्या तोंडात शिव्या घालत शिडी धरून उभा राहिलो.