सिस्टरांनी घेतलेला उपास

"पहिले जेव, मंग रड."

लहान बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या प्रत्येक आईला आमच्या मोठ्या सिस्टर हेच सांगत. गोड बोलणं त्यांना जमायचं नाही. डबा मात्र स्वतः उघडून समोर ठेवत.

मी तिथे समुपदेशक. आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि हे मी कुणालाही ठासून सांगते. डॉक्टरांचं बोलणं आईबापांना उमजेल असं सांगायचं, हे माझं काम. ते मला चांगलं येतं. पण वडनेरहून आलेल्या एका सुनेपुढे माझं काही चालेना.

तिचं बाळ दिवस भरायच्या आत झालेलं, श्वासाच्या मशीनवर होतं. नळीतून त्याला आईचं दूध थेंब थेंब जायचं. आणि आईनं केळझरच्या गणपतीला नवस बोललेला, बाळ मशीनवरून निघेस्तोवर अन्नाला शिवणार नाही. नुसतं पाणी. दूध आटत चाललं. मी समजावलं, डॉक्टर रागावले. ती मान हलवायची अन् डबा सासूकडे सरकवायची.

"नवस मोडला अन् लेकराले काही झालं, तं बोल कोनाले लागन?" सासूनं मला विचारलं. तुम्हाला उत्तर सुचतं का, बघा.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. सुनेला म्हणाल्या, "मोडू नोको. मले दे. तुहा उपास मी धरतो."

आणि ओंजळ पुढे केली. सून सासूकडे बघत राहिली. मग तिनंच पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं, बाटली सुनेच्या हाती दिली. दान देताना सोडतात तसं सुनेनं सिस्टरांच्या ओंजळीत पाणी सोडलं. मग ती जेवली. रडत रडत, पण जेवली.

मला वाटलं, सिस्टरांची युक्ती. दुपारी मी त्यांना चहा-बिस्कीट नेलं.

"काऊन चेष्टा करून राह्यली वो?" त्या म्हणाल्या. "पानी आन."

दूध वाढलं. पण दुसऱ्या दिवशी बाळाचा श्वास बिघडला. डॉक्टर आत धावले. सासू उठून दारातच सिस्टरांना आडवी आली.

"बाई, खरं सांगजा. तुमी काही खाल्लं तं नाई?"

बाहेर बसलेले सगळे आईबाप वळून बघू लागले. सिस्टरांचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"नाई, माय. नुसतं पानी."

सासूनं त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि वाट सोडली.

सिस्टर आता निवृत्त होऊन आर्वीला असतात. मला मात्र त्या अजून दिसतात, बाळाचं मशीन निघालं त्या सकाळच्या. सासूनं वरणभात कालवून पहिला घास त्यांच्या तोंडात घातला. दुसरा हातात घेतला, तोच आत दुसऱ्या कुठल्या बाळाचं मशीन वाजायला लागलं. सिस्टर चावत चावतच मास्क वर ओढून आत गेल्या.

सासू घास तसाच धरून दाराकडे बघत बसली.