दातार सरांची खरचुडी

दातार सर माझ्या डब्यात डोकावायचे ते भाजी मागायला नव्हे, भाजीला नाव द्यायला. मी झाकण उघडलं की विचारायचे, "आज काय, एबेलमॉस्कस?" मी म्हणायची, "भेंडी." मग सुरू. "भेंडी अलिबागला झाड असतं, सुनंदाबाई, आणि तुमच्या डब्यात भाजी असते. एबेलमॉस्कस एस्क्युलेंटस जगात कुठंही एकच." तोवर माझी भाजी गार. आणि पुढं एकदा त्यांच्याच तोंडून कळलं, की या भेंडीचं शास्त्रीय नावसुद्धा मध्येच बदललेलं होतं. जगात एकच म्हणे!

कर्जतच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं मदतनीस होते. लोधिवलीहून एसटीनं यायचं, बाटल्या धुवायच्या आणि सरांचा तिरसटपणा ऐकायचा. एका मुलानं पानावरून झाड ओळखलं, तर सर म्हणाले, "पानावरून ओळखलंस? मग पँटवरून बाप ओळख. फूल कापून बघ, गाढवा." बायको भांडून माहेरी गेली तेव्हाही हा माणूस तीन दिवस गवतांची कुसळं मोजत बसला होता. आणलेली झाडं वर्तमानपत्रांत दाबून सुकवायची असत. ती ओलसर वर्तमानपत्रं रोज बदलायचं काम अर्थातच माझं.

इतका शहाणा माणूस, पण एका गोष्टीपायी पार खुळा झाला होता. नव्या जातीला जो नाव देतो त्याचं आडनाव त्या नावामागे कायमचं लागतं. आता त्या आडनावाला कोण कुत्रं विचारतं? पण जन्मभर दुसऱ्यांनी दिलेली नावं घोकून झाल्यावर सरांना एक तरी नाव स्वतः द्यायचं होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि आडनाव अजून कशाच्याच मागे लागलं नव्हतं.

माथेरानच्या पायथ्याच्या एका ठाकरवाडीतली जनी कर्जतच्या बाजारात रानभाज्या विकायची. सरांना रानात तीच न्यायची. एका श्रावणात तिच्यामागून धापा टाकत आम्ही उघड्या कातळावर पोचलो, तर तिथं खरचुडी फुललेली. खरचुडी म्हणजे कंदिलाच्या घाटाचं इवलंसं फूल येणारा वेल, त्याचा कंद वाडीतले लोक खातात. खाली झाडीतली खरचुडी हिरव्या, लांब फुलाची. ही मात्र आखूड आणि तांबडी. सर गुडघ्यांवर बसले. म्हणाले, "ही नवी जात!"

जनी हसायला लागली. "आरं सायेब, ही आन् खालची येकच हाय. ही उन्हात वाढली म्हून तांबडी. आमी दोनी खातो, चव येकच."

"चव हे लक्षण नाही," सर म्हणाले.

"मंग तुझा रंग उन्हानं बदललाय, तू बी नवी जात हाय का?"

सरांनी ऐकलं नाही. मीही तिला गप्प बस म्हणून खुणावलं, कारण मला खाली उतरायची घाई होती. सगळा सोपस्कार झाला. एक सुकवलेलं झाड नमुना म्हणून मोठ्या संग्रहालयात गेलं, त्याची जोडप्रत आमच्या कपाटात राहिली. शोधनिबंध छापून आला. नाव कर्जतचं, मागे दातार. प्राचार्यांनी पेढे वाटले आणि फाटकावर फ्लेक्स लावला. त्यात फूल बोटाएवढं आणि प्राचार्य पुरुषभर उंच. समिती कॉलेजचं मूल्यांकन करायला येणार होती, तिला दाखवायला काहीतरी हवंच होतं.

कातळावरचा एक कंद सरांनी कुंडीत लावून गच्चीवर ठेवला होता. रोज पाणी घेऊन जिना कोण चढणार? मी कुंडी खाली आणून नळाजवळ, आंब्याच्या सावलीत ठेवली. पुढच्या पावसाळ्यात तिला फूल आलं. हिरवं, लांब.

सर भिंग घेऊन उकिडवे बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. मला वाटलं, आता कुंडी हलवली म्हणून माझी खरडपट्टी. तर म्हणाले, "सुनंदाबाई, जे मी करायला हवं होतं ते तुम्ही आळशीपणानं केलंत."

त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "सर, मरू दे ती कुंडी. फेकून देते. कुणाला कळतंय?"

"तुम्हाला कळलं, मला कळलं. झाले की दोघं."

आठवड्यात त्यांनी दुसरा निबंध लिहिला. आपणच दिलेलं नाव चुकीचं, जात जुनीच. प्राचार्य धावत प्रयोगशाळेत आले. "अहो दातार, चार महिने कळ काढा! समिती येऊन जाऊ दे. आणि स्वतःचं नाव स्वतःच बुडवतं का कुणी?"

"बुडत नाही, हीच तर पंचाईत आहे," सर म्हणाले. "चुकलेलं नाव खोडत नाहीत. खऱ्या नावाखाली कायमचं लिहून ठेवतात, आडनावासकट."

म्हणजे कायमचं हवं होतं ते मिळालं, तेही असं! मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी वर्तमानपत्रं बदललीच नाहीत. हुशारी मिरवणारी माणसं मी ढिगानं पाहिली होती. पण स्वतःची शोभा करून घ्यायला घरचे पैसे घालून टपाल करणारा वेडा पहिल्यांदाच बघत होते.

समितीची तारीख दोनदा पुढे गेली. तेवढ्यात सर निवृत्त झाले. प्राचार्यांनी निरोपाला नारळ दिला, शाल बहुधा विसरले. पुढच्याच वर्षी सर गेले. जनीला बाजारात सांगितलं, तर तिनं हातातली भाज्यांची पेंढी खाली ठेवली. म्हणाली, "त्यो वाडीवर आलता गं. म्हनला, तुझं खरं व्हतं. येवढ्यासाठी डोंगर चढला."

शेवटी समिती यायची ठरली. आदल्या दिवशी सकाळी प्राचार्य म्हणाले, कपाटातला तो नमुना काढा, नवी जात म्हणून टेबलावर मांडू. मी कागद काढला. सुकलेला वेल, त्याखाली सरांचं जुनं लेबल, 'नवी जात'. आणि त्याखाली चिकटवलेली एक चिठ्ठी, त्याच अक्षरात. वर इंग्रजीत खरं नाव, खाली मराठीत: 'ही नवी जात नाही. जनीबाईंनी जागेवरच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. दातार.'

"ती चिठ्ठी तेवढी काढून टाका," दुपारी नमुना बघायला आलेले प्राचार्य म्हणाले.

"निघत नाही, सर," मी म्हटलं. "फार घट्ट बसलीय."

एका कडेनं सुटत होती खरी. ती मी सकाळीच डिंक लावून बसवली होती.