मोरे मॅडमचं मानपत्र आणि हिरव्या अक्षरांचा पंडित

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही गोष्ट सांगायला लागलो की मलाच एका जागी धड बसवत नाही. गेल्या महिन्यात भरल्या सभागृहात मी एका सज्जन बाईंचा असा काही सत्कार केला, की अजून शाळेच्या जिन्यात कोणी हसलं तरी वाटतं, माझ्यावरच!

मी देवरे. नाशिकरोडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. मोरे मॅडम आमच्या इंग्रजीच्या विभागप्रमुख. बारा वर्षांपूर्वी मी नोटीस बोर्डावर एक नोटीस लावली आणि मॅडमनी सगळ्या स्टाफसमोर तिच्यात चार चुका काढल्या. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. म्हणजे अगदीच नाही. "कपाटाची किल्ली?" "टेबलावर." एवढं चालायचं.

आता मॅडम निवृत्त होणार होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, "देवरे सर, मानपत्र इंग्रजीतच हवं. तुम्हीच लिहा."

खरं सांगू? बरं वाटलं. बाई चालल्याच आहेत, आता किती दिवस फुगून बसायचं? मनापासून लिहू, गोडीत निरोप देऊ. पण धास्ती एकच. त्यात चूक निघाली तर? गळ्यात हार असतानाच दाखवतील!

इथे माझं खूळ सांगायला हवं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका भंगारवाल्याकडून मी एक जुनाट कॉम्प्युटर आणलाय. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसबिउस काही नाही. त्याच्याबरोबर फ्लॉपींचा डबा आला, आणि त्यात सापडला इंग्रजी व्याकरण तपासणारा प्रोग्राम. अमेरिकेत कोणीतरी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी केलेला. आपण मजकूर द्यायचा, तो घरघर करत वाचतो आणि शेरे मारतो.

माझी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, फोनवर मिनिटात तपासून मिळतं की!"

"फोन सगळ्यांनाच छान म्हणतो," मी म्हणालो. "हा कडक आहे."

तर हा कडक गृहस्थ आपल्या मजकुराला हात लावत नाही. त्याची दुसरी प्रत काढतो आणि तिच्यात, वाक्य संपलं की लगेच पुढे, आपला शेरा लिहितो. दोन्ही फायलींची नावं सारखीच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. आलं ना लक्षात?

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चूक दुरुस्त कर, उठ, गॅलरीत जा, परत ये, पुन्हा तपास. शेवटी प्रिंट दिली. प्रिंटर किरकिरत होता तेवढ्यात मी इस्त्रीचा शर्ट चढवला, कागद फाडून घेतला, लिफाफ्यात कोंबला आणि स्कूटरला किक मारली. वाचून बघितलं का? छे! सकाळपासून वाचतच तर होतो!

वाचायला होत्या तेजस्विनी मॅडम. नव्या शिक्षिका, आवाज अगदी रेडिओवरचा. लिफाफा देताना मी बजावलं, "प्रत्येक शब्द तोलून लिहिलाय. एकही सोडू नका."

"नाही सोडणार, सर."

नाही सोडला हो! एकही नाही सोडला!

सगळं इंग्रजीत होतं, पण तुम्हाला मराठीत सांगतो.

"मिसेस मोरे गेली तीस वर्षं या शाळेत शिकवत आहेत. वाक्य कंटाळवाणं आहे."

माझा हलणारा पाय जागच्या जागी थांबला. घाईत शेऱ्यांचीच प्रत छापली होती मी!

"त्यांच्या ज्ञानाचं सर्वत्र कौतुक केलं जातं. नक्की कोण करतं?"

पुढच्या रांगेत कोणीतरी खोकलं. स्टेजवर मोरे मॅडम हारासकट ताठ बसलेल्या. आणि मग आला तो शेरा! इंग्रजीत मोरे लिहिलं की स्पेलिंग होतं 'मोर', म्हणजे जास्त. त्या अमेरिकन पंडिताला आपली आडनावं काय कळणार? त्याला वाटलं, हा माणूस पानभर नुसतं जास्त-जास्त करतोय. तेजस्विनी मॅडम खणखणीत आवाजात वाचत्या झाल्या:

"मोरे बारा वेळा आल्या आहेत. गरज नाही. काढून टाका."

निरोप समारंभात!

मी खुर्च्या ढकलत धावलो. माइकच्या वायरीत पाय अडकला, कर्णा कुईंऽऽ करून किंचाळला. "थांबा! थांबा! हे मी नाही लिहिलं!"

"मग कोणी लिहिलं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"कॉम्प्युटरने!"

झालं! सभागृहात कुजबुज. 'मानपत्रसुद्धा मशीनकडून लिहून घेतलं!' 'बारा वर्षांचा राग काढला हो!'

"तसं नाही!" मी ओरडलो. "मानपत्र मी लिहिलंय, अपमान त्याने केलाय!"

दाराशी आमचा शिपाई रामनाथ उभा होता, निफाडचा माणूस. शेजारच्या सरांकडून अर्थ विचारून घेतला आणि तिथूनच म्हणाला, "पन सर, काढून टाका कशाला लिवलं? मॅडम आपसूकच चालल्यात ना!"

अख्खं सभागृह हसलं. मोरे मॅडम सोडून. त्यांनी हात पुढे केला. "कागद."

मी कागद दिला. त्या उभ्या राहून शेवटपर्यंत वाचत राहिल्या. मी समोर घाम पुसतोय, या पायावरून त्या पायावर होतोय. दहावीच्या निकालालासुद्धा एवढा घाबरलो नव्हतो!

मग त्यांनी माइक ओढला. "शेवटचा शेरा वाचायचा राहिलाय. लेखकाला काय म्हणायचं आहे, ते त्याचं त्यालाच नक्की ठाऊक नाही." माझ्याकडे बघितलं. "देवरे सर, हेच मी बारा वर्षांपूर्वी सांगितलं तर तुम्ही बोलणं टाकलंत. मशीनने सांगितलं तर त्याला घरात ठेवलंत?"

मी हात जोडून म्हणालो, "मॅडम, चुकलं माझं."

"वाक्य छोटं आहे आणि बरोबर आहे," मोरे मॅडम म्हणाल्या. "बसा."

आणि त्या हसल्या हो! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग चहाला शेजारी बसवून घेतलं, आणि बारा वर्षांचं एकदमच बोललो.

आठवड्याने त्यांचं आभाराचं पत्र आलं. इंग्रजीत, पानभर, आणि सही करताना आडनाव मुद्दाम गाळलेलं. शहाण्या माणसाने काय केलं असतं? जपून ठेवलं असतं. मी लगेच कॉम्प्युटरपाशी बसून ते अक्षरन् अक्षर टाइप केलं आणि प्रोग्रामला तपासायला दिलं.

घरघर झाली. एकही शेरा नाही!

तीन दिवस झाले, मशीन खोलून बसलोय. फ्लॉपी पुसली, वायरी हलवल्या, तेच पत्र चार वेळा तपासलं. नक्की कुठेतरी बिघाड आहे.

काल सुनंदाने चहा आणून ठेवला, टेबलावर पसरलेले स्क्रू बघितले आणि म्हणाली, "अहो, मशीन चांगलं आहे."