आम्ही नादार नव्हतो

कॉलेजची फी माफ होत होती आणि मी भांडून ती माफी नाकारली. नगरला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी हा पराक्रम केला. पहिला दिवस बोर्डिंग शोधण्यात गेला, नाहीतर त्याच दिवशी केला असता.

निघालो तेव्हा सलग दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला होता. जामखेडच्या स्टँडवर मला पोचवायला अर्धी वस्ती आली होती, कारण वस्तीतून कॉलेजला निघालेला मी पहिलाच, आणि रानात कुणाला काही काम नव्हतं. सोबत पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि आईने फडक्यात बांधून दिलेली धपाटी. आमच्याकडे बाप लेकाला जवळबिवळ घेत नाही; फार तर ट्रंक नीट बसली का बघतो. तात्या ती पुन्हा पुन्हा हलवून बघत होते. गाडी सुटताना खिडकीशी आले आणि म्हणाले, "रंगनाथा, लोकांत चाललास. कुनी कितीबी इचारलं तरी घरचं उनं सांगायचं न्हाई. ताठ ऱ्हायचं." मी इतका ताठ बसलो की वाटेतलं कडा गाव येईपर्यंत मान अवघडली.

त्याच ताठ मानेनं दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खिडकीशी उभा राहिलो. आतले क्लार्क भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले, "नादार का?"

आता आमच्या गावात नादार म्हणजे ज्याच्या दारावर बेलिफ येऊन गेला, ज्याला कुणी तंबाखूची चिमूटसुद्धा देत नाही, असा माणूस. भांडण हातघाईवर आलं की मगच हा शब्द निघायचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "नादार आसंल दुसरं कोनी! चाळीस एकर रान हाय आमचं!"

भाऊसाहेबांनी तेव्हा मान वर केली. "बरं झालं सांगितलंत, बागायतदार. मग आठवड्यात पूर्ण फी भरा, नाहीतर नाव कमी होईल."

बोर्डिंगात माझ्या खोलीवर शमुवेल होता, शेवगावकडच्या एका प्राथमिक शिक्षकाचा मुलगा. मी त्याला मोठ्या रुबाबात सगळी हकिगत सांगितली. तो गादीवर आडवा होऊन हसायला लागला. "अरे येड्या, नादारी म्हणजे फीची माफी! गरिबाच्या पोराला मिळते ती. लोक त्यासाठी खेटे घालतात आणि तू भांडून घालवलीस? आणि चाळीस एकरच का सांगितलंस? दारात हत्ती झुलतो म्हणायचं होतंस!"

माझा रुबाब मात्र उतरला. फी भरायला घरात काहीच नव्हतं. बैलजोडीसुद्धा छावणीत चाऱ्यावर होती. आठवड्यात नाव कमी झालं की परतीची गाडी धरायची, आणि पोचवायला आलेली तीच अर्धी वस्ती उतरवून घ्यायला येणार.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी गेलो आणि रान सगळं कोरडं आहे म्हणून सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, "काल बागायतदार, आज दुष्काळग्रस्त? वडिलांना आणा. प्रिन्सिपॉलसाहेबांसमोर त्यांनी सांगू दे."

जामखेडच्या गाडीच्या कंडक्टरकडे निरोप दिला की तात्यांना ताबडतोब नगरला पाठवा. कशासाठी ते सांगायची लाज वाटली. परिणामी पोरगं आजारी पडलं असं समजून आईसुद्धा आली. मला धडधाकट बघून तिने आधी तोंडावरून हात फिरवला आणि मग पाठीत धपाटा घातला.

व्हरांड्यात मी तात्यांना बजावलं, "तात्या, आज खरं सांगायचं."

"सांगतो की. त्यात काय अवघड हाय?" चुलत्याकडून मागून आणलेला फेटा सारखा करत तात्या म्हणाले.

आत गेलो. प्रिन्सिपॉलसाहेब मोठे सज्जन. उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "या, बसा पाटील." या एका शब्दाने घात केला. खुर्चीत बसता बसताच तात्या वीतभर उंच झालेले मी पाहिले.

"शेती किती आपली?"

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आसंल की साठ-पासष्ट एकर."

मी डोळे मिटले. मी निदान आकडा तरी खरा सांगितला होता.

"विहीर?"

"दोन हायेत."

"मग उत्पन्न चांगलं असेल?"

"देवाच्या दयेनं समदं यवस्थित हाय."

माझं कॉलेज तिथेच संपलं होतं. मनातल्या मनात मी वळकटी बांधायला लागलो. तेवढ्यात दारातून आवाज आला. आई आत आली नव्हती, पदर सावरून उंबऱ्याशीच उभी होती.

"सायेब, मी बोलू का जरा? आवो, चाळीसाची साठ कवा झाली, मला तरी सांगा! समदा माळ हाय, सायेब. हुलगाबी उगवंना. दोन हिरी हायेत, पर दोनीत मिळून घागर बुडंना. आन् ह्ये पाटील परवापस्तोर माझ्याबरुबर रस्त्याच्या कामावर खडी फोडत हुते, दुष्काळाची सरकारी सुकडी खात हुते. इश्वास न्हाई तर हात बघा त्येंचे."

तात्यांचे हात टेबलावर होते. ते त्यांनी हळूच मांडीवर घेतले. मला वाटलं, आता तात्या उठून निघून जाणार.

साहेबांनी चष्मा काढला. "पाटील, कष्टानं पोर शिकवताय. यात लपवण्यासारखं काय आहे?"

तात्यांनी खुर्चीचा हात चाचपला. मग म्हणाले, "लपवायचं न्हवतं सायेब. तुमी खुर्ची दिली. आता खुर्चीत बसून गरिबी कशी सांगायची?"

साहेब असे हसले की बाहेरचा शिपाई काय झालं म्हणून डोकावला. हसतच त्यांनी भाऊसाहेबांना बोलावलं आणि मी नादार झालो. आयुष्यात एवढा आनंद मला पुढे कुठल्याही पदवीने दिला नाही.

बाहेर लिंबाखाली आईने भाकरी सोडली. तात्या फुगून बसले होते. आई म्हणाली, "पोराची फी काय तुमच्या साठ एकरातनं निघनार हुती व्हय?" आधी फेटा हलला, मग खांदे, आणि तात्या ठसका लागेपर्यंत हसले. पाऊस गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. शमुवेलने त्याच दुपारी बोर्डिंगभर माझं नाव 'जमीनदार' करून टाकलं, आणि मेसचे मामा त्या नावाला मान देऊन आमटी जरा खालून ढवळून वाढायला लागले.

पुढे नोकरीने मला बडोद्याला नेलं. तिथे फ्लॅट झाला, सोसायटी झाली, नातवंडं नाश्त्याला खाखरा मागतात आणि मला 'दादाजी' म्हणतात. इथे आम्ही सगळेच खुर्चीत बसून बोलतो. कोणी कसं आहे विचारलं की "मजामां" म्हणायचं, की संपलं. तुमच्यातले जे गावाला राहिले त्यांना आणि माझ्यासारखे निघून आले त्यांनाही सांगतो, घर म्हटलं की मला आमचा माळ आठवत नाही. एक बाई परक्या उंबऱ्याशी उभी राहून आपलं सगळं कोरडेपण मोठ्यांदा सांगून टाकते, आणि ते ऐकताना आपण हलके होत जातो, ते मला घर वाटतं. आई-तात्या गेले, तरी त्या उंबऱ्यावर मी अधूनमधून मनानं जाऊन उभा राहतो.

गेल्या वर्षी गावी गेलो तेव्हा धाकट्या भावाने कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींपुढे मला बोलायला उभं केलं. माझ्यानंतर कॉम्प्युटरचे एक सर बोलणार होते. मी ही सगळी कथा नकलांसकट रंगवून सांगितली. पोरं खूप हसली. मी खूश होऊन विचारलं, काही शंका?

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "आजोबा, गोष्ट लई भारी हाय. पर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना साईट सारखी बंद पडतीय, त्याचं काय करायचं?"

"ते काही मला सांगता येणार नाही, बाळ."

"मंग बसा की आता खाली," ती म्हणाली. "त्या सरांना येतं. त्येंला बोलू द्या."