व्हर्लिनची सतरा दिवस अडलेली सही

व्हर्लिन हॅस्केटने ओमाहात एकतीस वर्षं लिफ्टा तपासल्या. दोर, ब्रेक, दारं, सगळं स्वतः बघितल्याशिवाय त्याने कधी दाखल्यावर सही केली नाही. साहेब ओरडले, इमारतीचे मालक हातापाया पडले, तरी नाही. निवृत्त झाल्यावर त्याने आणि बायकोने, आर्डिसने, घर विकलं, एक लांबलचक घरगाडी घेतली आणि साउथ डकोटात भाड्याने टपालपेटी घेऊन ठेवली. फिरस्त्यालाही कागदापुरतं कुठलं तरी गाव लागतंच. तेव्हापासून उन्हाळा डोंगरात आणि हिवाळा दक्षिणेकडे क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात, असा त्यांचा संसार चाकांवर चालला होता.

डिसेंबर संपला तसा जुन्या नोकरीचा आरोग्यविमाही संपला. व्हर्लिन बासष्टचा, आर्डिस एकोणसाठची. म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी विमा मिळायला त्याला अजून तीन वर्षं होती. तेवढे दिवस कशाच्या तरी आधाराने काढायला हवे होते. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी त्याने गाडीच्या छपरीखाली घडीचं टेबल मांडलं, कागदांवर चार दगड ठेवले आणि तपासणी सुरू केली.

पहिला कागद एका धार्मिक मंडळाचा होता. सगळ्यांनी दरमहा पैसे घालायचे आणि जो आजारी पडेल त्याचं बिल वाटून घ्यायचं. स्वस्त होतं, फक्त आचरण शुद्ध हवं. शनिवारी एक बियर पिणारा माणूस शुद्ध की अशुद्ध, हे व्हर्लिनने फोन करून विचारलं. पलीकडची पोरगी म्हणाली, मला वाटतं चालेल. याने विचारलं, ‘‘वाटतं, की लिहिलंय?’’ पोरीने त्याला गाणं ऐकत थांबायला लावलं ते चाळीस मिनिटं.

दुसरी योजना सहा महिन्यांची, धडधाकट माणसांसाठीच काढलेली. तिसरीत रुग्णालयात पडलं की दिवसाला ठरावीक रक्कम मिळायची. पुढचं बिल तुमचं तुम्ही निस्तरा. तिच्यासोबत फोनवरचा डॉक्टर फुकट. कायद्याने चालणारा पुरा विमाही होताच, पण कागदावरचा पत्ता तिथला म्हणून त्याची रुग्णालयंही साउथ डकोटातलीच, आणि थंडीला घाबरून तर ही दोघं एवढ्या दूर आलेली. तो कागद व्हर्लिनने सगळ्यांच्या खाली सारला.

तपासणी रंगत गेली तशी छपरीखाली माणसंही जमायला लागली. कुणी आपली पॉलिसी वाचायला आणून द्यायचं, कुणी नुसतंच कॉफीला यायचं. एका जोडप्याला त्याने बारीक अक्षरातलं एक कलम दाखवून फसवणुकीतून वाचवलं, तेव्हा तर घरगाड्यांच्या त्या तळावर त्याचा मान फारच वाढला. सगळ्यांच्या सह्या झाल्या. याची मात्र होईना.

‘‘लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलीय,’’ आर्डिस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात साडेतीनशे पोरांना वेळेवर जेवू घातलेली बाई ती. तिला उशिराचं वावडं होतं.

शेजारच्या छोट्या गाडीत ओपल ट्रुहिल्यो राहायची. गॅलपच्या रुग्णालयात नर्स म्हणून उभा जन्म काढलेली, चौऱ्याहत्तर वर्षांची विधवा. हिरव्या मिरचीचा रस्सा घेऊन ती एका दुपारी आली. व्हर्लिन टेबलाशी तिसऱ्या योजनेचे गुणदोष पाठ म्हणत होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भांडं आर्डिसच्या हातात देताना हळूच म्हणाली, ‘‘नवरा पाण्याचा डबा डाव्या हाताने उचलतो आणि खोकायच्या आधी उजवा हात खिशात घालतो. मी काही बोलले नाही हं.’’

आर्डिसनेही ते कधीपासून पाहिलं होतं. आपणहून सांगेल म्हणून ती थांबली होती. सतराव्या दिवशी तिने थांबणं पुरे केलं. डिसेंबरात विमा गेलेल्यांना पुरा विमा घ्यायला फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत होती, पण तोवर बिनविम्याचं राहायला ती तयार नव्हती. तिने सहा महिन्यांच्या योजनेचा अर्ज पुढ्यात ओढला, चष्मा लावला आणि म्हणाली, मी वाचते, तू उत्तर दे.

नाव झालं, वय झालं. तंबाखू नाही. मग तिने वाचलं, ‘‘सध्या काही दुखणं, ज्यावर उपचार करायला हवेत?’’

व्हर्लिन उठला. वारा सुटलाय, छपरीचे दोर आवळतो, म्हणाला. झुडपाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

‘‘बस खाली,’’ आर्डिस म्हणाली. ‘‘आणि खिशातला हात बाहेर काढ आधी.’’

तो बसला. मग हळूहळू सगळं निघालं. गेल्या मे महिन्यात यूटामध्ये टायर बदलताना जांघेत काहीतरी सरकलं होतं. तिथे आता लिंबाएवढी गाठ यायची, निजलं की आत जायची. हर्नियाच तो. कुठली स्वस्त योजना आधीच्या दुखण्याला पैसे देते, हे तो इतके दिवस शोधत होता. एकही देत नव्हती. ‘नाही’ लिहिलं तर खोटं, ‘हो’ लिहिलं तर अर्ज परत.

‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘तू लगेच परत फिरायचं म्हणाली असतीस. तीस वर्षं या रस्त्याची वाट बघितलीस तू.’’

आर्डिसने चष्मा काढून पुसला. ‘‘अरे शहाण्या,’’ ती म्हणाली, ‘‘मला ही गाडी मागे घेता येत नाही. तुला काही झालं तर मी काय नाकासमोर अलास्कापर्यंत जात राहू?’’

व्हर्लिनला हसू आलं आणि हसताना हात आपोआप खिशाकडे गेला. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने तो खुशाल तिथेच ठेवला.

खालचा कागद वर आला. आधीचं दुखणं असलं तरी त्या विम्याला माणूस नाकारता येत नव्हता, आणि त्यांच्या बेताच्या मिळकतीवर हप्त्यात सूटही बरीच मिळत होती. हे व्हर्लिनला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याने शेवटचं पान एकदाच वाचलं आणि सही केली. रिकामं भांडं न्यायला आलेल्या ओपलबाईंनी साक्षीदार म्हणून उगाचच टाळी वाजवली.

थंडी टाळायला निघालेलं हे जोडपं मग ऐन फेब्रुवारीत उलटं उत्तरेला गेलं. साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीत दुसऱ्याच रात्री गाडीचे नळ गोठले, म्हणून एका बाईच्या गॅरेजवरची खोली त्यांनी भाड्याने घेतली. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, सुखरूप झाली. पुढचे सहा आठवडे चार लिटर दुधाच्या डब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं. व्हर्लिन खिडकीशी बसून बर्फ कधी वितळतोय ते बघत राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाळवंटातल्या उन्हाचं वर्णन ऐकवत राहिला.

एप्रिलच्या शेवटी डॉक्टरने मोकळं केलं. त्याच दिवशी त्याने नकाशा पसरला आणि आर्डिसला हाक मारली. ती न्हाणीघरात होती. त्या खोलीला एक जुना, खोल टब होता. पावणेदोन वर्षं घरगाडीत तीन मिनिटांच्या पाण्यात आंघोळ उरकणारी बाई तिथे रोज तासभर पडून राहायची.

‘‘निघायचं ना उद्या?’’ त्याने दाराबाहेरून विचारलं.

आतून आवाज आला, ‘‘अजून एक आठवडा राहू या का रे?’’

व्हर्लिनने नकाशाची घडी घातली आणि चहाचं आधण ठेवलं.