शेजारची ओळ

नारायणगावच्या क्लासमध्ये आम्हाला जपानी भाषेतलं पहिलं शिकवलं ते "माफ करा". दुसरं "हो". तिसरं "समजलं". टोमॅटोच्या बाजाराजवळच्या एका गाळ्यात, घरघरणाऱ्या पंख्याखाली, आम्ही पोरीपोरं कमरेत वाकून एवढंच घोकत होतो. मी विचारलं, "सर, 'का'ला काय म्हणतात?"

क्लासवाला हसला. "ताई, तिकडं 'का' विचारायचं नसतं."

त्या हसण्याचा मला अजून राग येतो. आमचं घर तळेघरच्या वरच्या अंगाला. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील मोर्चाला गेले की घेऊन यायचे. जंगलाच्या हक्काची, रेशनची, धरणात गेलेल्या जमिनींची. मी त्यांवरच वाचायला शिकले. त्यांतलं दर दुसरं वाक्य प्रश्नचिन्हाने संपायचं. आणि या माणसाने आमच्याकडून फी घेऊन आम्हाला प्रश्न नसलेली भाषा शिकवली. तिकडे माणसं नाही, वाकणाऱ्या कमरा पाठवायच्या होत्या त्याला.

जपानमध्ये काम टोमॅटोचंच होतं. काचेच्या मोठ्या शेडमध्ये झाडांच्या लांबलचक ओळी. प्रत्येकीला एक ओळ. पानांच्या बेचक्यात फुटणाऱ्या बगलफुटी काढायच्या, वेल दोरीला बांधायचा. काम हाताला लगेच आलं. बाकी काहीच येईना. दुकानात मीठ समजून साखर आणली आणि ती आमटीत पडली. कोणता कचरा कोणत्या दिवशी टाकायचा ते कळेना, म्हणून माझी पिशवी पुन्हा माझ्याच दारात येऊन बसायची.

हे सगळं मला शिकवलं खोलीतल्या जोडीदारणीने. ती व्हिएतनामची, माझ्याहून मोठी. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. ती बाटलीचं लेबल सोलून दाखवायची, झाकण वेगळं, बाटली वेगळी. मी तिला ताई म्हणायला लागले आणि ती त्या हाकेला ओ द्यायला लागली.

शेडमध्ये तिची ओळ माझ्या शेजारी. तिचा एक खांदा दुखायचा, वरच्या दोरीला हात पोहोचवताना वेळ लागायचा. माझी ओळ संपली की मी तिच्या ओळीत दुसऱ्या टोकाने शिरायचे. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. आमच्याकडे भातखाचरं पडकईने होतात. आज सगळ्यांनी माझ्या बांधावर, उद्या सगळ्यांनी तुझ्या. आपलं झालं म्हणून कुणी कमरेवर हात ठेवून उभं राहत नाही.

शेडवरच्या जपानी मुकादमाने ते पाहिलं. त्याने मोबाइल पुढे धरला, त्यात बोललं की भाषांतर उमटायचं. मी म्हणाले, "मी तिला मदत करते." त्याने वाचलं, मान हलवली, काही बोलला. पडद्यावर मराठी आलं : "तिला मदत लागते. म्हणून पुढच्या हंगामात ती नको."

भाषांतरात एकही चूक नव्हती. माझे शब्द जसेच्या तसे पोहोचले होते आणि त्यांनीच ताईचं काम घालवलं होतं. मला 'का' विचारायचं होतं. तोंडातून निघालं, "समजलं." शिकवलेलं तेवढंच ना!

संध्याकाळी ताईने पलंगावर बॅग उघडून ठेवली. माझ्याकडे बघून हाताचं विमान केलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

मी क्लासवाल्याला फोन लावला. आम्हाला पाठवणारा तोच. त्याने ऐकून घेतलं.

"ताई, तुमी कामाला गेलाय, समाजसेवेला न्हाई. ती कोण लागती तुमची?"

"माझ्यामुळे तिचं काम जातंय, भाऊ. त्यांच्याशी बोला तुम्ही."

"उगा घोळ नका घालू राव. भाषा येत न्हाई ना? मग गप ऱ्हायचं."

मी फोन कापला. मग वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझं झालं तर तू काय हुभी ऱ्हाणार व्हतीस व्हय?" मग विचारलं, "पर ती तुझ्या वळीत कधी आली?"

ती कधीच आली नव्हती. मी येऊच दिलं नव्हतं. एकच बाजू आली की ती पडकई उरत नाही, उपकार होतो. मुकादमाला तेवढंच दिसलं होतं.

सकाळी मी ताईचा हात धरून तिला माझ्या ओळीत आणलं. ती घाबरली. मी माझं टोक दाखवलं, मग तिची ओळ, मग पुन्हा माझी. तिला कळलं. खालचं ती, वरचं मी. ते बघून पलीकडच्या इंडोनेशियाच्या दोघी आल्या. चौघींनी मिळून एक ओळ संपवली, मग दुसरी, मग उरलेल्या. मुकादम ओरडत आला आणि ओळींच्या तोंडाशीच थांबला. काम नेहमीच्या वेळेत संपलं होतं. हळू कोण, ते त्याला दाखवता येईना. त्या आठवड्यात ताईची बॅग पलंगाखाली गेली.

पुढच्या सोमवारी काम सुटताना शेडच्या दारावर पाटी लागली. दुसऱ्याच्या ओळीत जाणाऱ्या माणसावर लाल फुली. खाली जपानी, व्हिएतनामी, इंडोनेशियन, इंग्रजी. मराठी नव्हती. चित्र मात्र आंधळ्यालाही कळावं असं होतं.

दुसऱ्या सकाळी मुकादमाने पाटीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. क्लासमध्ये न शिकवलेला एक शब्द मला ताईने आदल्या रात्री शिकवला होता, उच्चार नीट होईपर्यंत माझ्याकडून म्हणवून घेतला होता. मी वाकले नाही. म्हणाले, "वाकारिमासेन."

समजलं नाही.

आणि ताईच्या ओळीत शिरले.