लिंबाच्या पाल्याखाली

सोलापूरच्या त्या दवाखान्यात कातडीचे डॉक्टर एका वेळी दोन पेशंट आत घेतात. माझ्या खाजेबरोबर मोहोळकडची एक बाई आत आली. नाव मी विचारलं नाही. गाल, मान, दंड लालभडक गाठींनी सुजलेले आणि अंगात सणसणून ताप. हातात कडुलिंबाचा डहाळा होता, त्यानंच ती गाठींना वारा घालत होती.

देवी आली म्हणून घरच्यांनी फोडणी बंद केली होती आणि औषधही. देवी काही जाईना, तेव्हा नवऱ्यानं तिला मोटरसायकलवर आणलं. तो मात्र फाटकाबाहेरच थांबला होता.

"ही देवी नव्हे, बाई," डॉक्टर म्हणाले. "क्वचित होणारा आजार आहे. अंगाची राखण करणाऱ्या पेशीच चवताळून कातडीत घुसतात, म्हणून हा ताप. दुसऱ्याला लागत नाही, गोळ्यांनी उतरेल. पण रक्त आजच तपासा. आत दुसरं मोठं दुखणं लपलेलं असू शकतं."

औषधं घेऊन ती बाकावर टेकली. मी शहाणपणा केला, "चला, घरी सांगून टाका आता."

"देवी हाय तवर सासू रोज माझ्या पाया पडती, दादा," ती म्हणाली. "नुसता रोग हाय म्हटल्यावर मला घरात कोण ठिवंल?"

तिनं गोळ्या पिशवीच्या तळाशी घातल्या, वर डहाळा नीट पसरला आणि ती फाटकाकडे चालू लागली. रक्त तपासायची खोली उलट्या बाजूला होती.